पातळ लाईन

नेरच्या बाजारात ट्रकवरून पावरलूम उतरली तेव्हा ते नेमकं काय आहे हे कोणालाच समजलं नाही. लोखंडाच्या कमानी, लाकडी दांडे, चामड्याचे पट्टे आणि दातेरी चाकांनी भरलेलं टिनाचं एक खोकं, असा सगळा पसारा बुऱ्हाणपूरहून आला होता.

"सदाशिवरावनं कोनाची जिनिंग मोडून आनली वाटते," कोणीतरी म्हणालं.

सदाशिवराव ट्रकच्या फाळक्याला टेकून उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "माग आहे हा. लायनीवर चालनारा. डोमाजीले हप्ता लागते तेवढं कापड हा एका दिवसात काढते."

डोमाजी तिथंच होता. नेरमध्ये हातमागावर जाडंभरडं, टिकाऊ कापड विणणारा त्याच्याइतका नावाजलेला दुसरा कोणी नव्हता. भर बाजारात असा उल्लेख झाल्यावर काहीतरी बोलणं त्याला भाग होतं. अडचण एवढीच होती की छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून त्यानं देवाच्या आणा घेणं सोडलं होतं, आणि आण घेतल्याशिवाय बोललेलं त्याला स्वतःलाच कच्चं वाटे. थोडा विचार करून तो म्हणाला, "माह्या मागाची आन आहे. त्या लोखंडाचं तोंड मी पाह्यनार नाही."

लोकांनी माना डोलावल्या. त्याच वेळी डोमाजीची बायको मथुराबाई ट्रकच्या दुसऱ्या बाजूला त्या टिनाच्या खोक्याचं झाकण उचलून आत पाहत होती.

मथुराबाईचा स्वभावच तसा होता. बंद वस्तू का बंद आहे हे पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिनं सासऱ्याचा कंदील सगळा खोलून पुन्हा जोडला होता. त्यानंतर तो उजेड जास्त द्यायचा आणि धूरही जास्त सोडायचा. सासरा मरेपर्यंत म्हणत असे, "सुनेनं कंदिलाले शिकवलं, पन अर्धंच."

सदाशिवरावांनी बसस्टँडच्या मागं टिनाची शेड टाकली. बासष्ट साल होतं. गावात लाईन येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि संध्याकाळी बल्ब लागला की म्हातारी माणसं अजून हात जोडत. माग उभा करायला बुऱ्हाणपूरहून शफी मिस्त्री आला. जाडजूड, मोठ्या मिशांचा, आणि झोपेचा भलता शौकीन. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला बाई हवी होती. मथुराबाईनं जन्मभर नवऱ्यासाठी कांड्याच भरल्या होत्या. ती सदाशिवरावांना जाऊन भेटली आणि काम घेऊन आली.

"मले इचारलं नाही," डोमाजी म्हणाला.

"आन तुमी घेतली. मी कायले इचारू?"

रोज संध्याकाळी ती घरी आली की डोमाजी तिच्या आसपास घुटमळे. स्वतःहून विचारणार नाही, पण जागचा हलणारही नाही. मथुराबाईला हे कळत होतं. ती भाकर थापता थापता म्हणे, "आज पट्टा तुटला." एवढंच बोलून गप्प. डोमाजी दुसऱ्या भाकरीपर्यंत थांबे, तिसरीपर्यंत थांबे. मग ती म्हणे, "मीठ द्या इकडं."

शेडमध्ये माग सुरू झाला की पत्रे थरथरत. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडं असा जाई की डोळ्याला फक्त एक रेघ दिसे. मथुराबाईला त्या धोट्यापेक्षा बाजूच्या दातेरी चाकांचं जास्त कुतूहल होतं. चाकं एकमेकांत दात अडकवून सावकाश फिरत आणि तयार कापड पुढच्या रुळावर गुंडाळलं जाई. त्यातलं एक चाक काढून घालण्यासारखं होतं, कारण खोक्यात तशीच लहानमोठी आणखी चाकं पडलेली होती.

"मिस्त्री, हे दुसरे चाकं कायले होत?"

"तुम्हारे काम के नहीं हैं," शफी म्हणाला. "कांडी बदलो, बाकी किसी चीज को हाथ मत लगाना."

मिस्त्रीची चूक झाली ती इथं. कांडी बदलायला त्यानं तिला स्वतःच शिकवलं होतं, कारण त्याशिवाय त्याला दुपारची झोप मिळाली नसती. सुताच्या गाठोड्यांवर तो आडवा होई. कांडी संपून माग थांबला की एक डोळा उघडी, मथुराबाईनं नवी कांडी घालून माग सुरू केला की मिटी. खटखट चालू असली म्हणजे सगळं ठीक आहे, असा त्याचा विश्वास होता.

एका दुपारी लाईन गेली. मिस्त्री जेवायला गेला. शेडमध्ये मथुराबाई एकटी, समोर पाना, बाजूला खोकं. तिनं ते चाक काढलं, खोक्यातलं त्याहून मोठं चाक हातात घेऊन पाहिलं, आणि बसतं का म्हणून बसवलं. ते बसलं. पुन्हा काढणार तेवढ्यात वरचा बल्ब लागला आणि दारात मिस्त्रीच्या वहाणा वाजल्या. तिनं पाना लुगड्याच्या ओच्यात घातला. मिस्त्रीनं माग सुरू केला, जांभई दिली आणि गाठोड्यांवर लवंडला.

मथुराबाई पाहतच राहिली. कापड पूर्वीपेक्षा कितीतरी भराभर रुळावर चाललं होतं. आपण मागाला पळायला शिकवलं, असं तिला वाटलं. आपण काय केलं हे आज संध्याकाळी सदाशिवरावांना सांगून टाकू, असंही तिनं ठरवलं. ती आनंदानं कांड्या बदलत राहिली.

संध्याकाळी सदाशिवराव आले आणि त्यांनी रूळ उलगडून कापड उजेडाकडं धरलं. कापडाच्या पलीकडं शफी मिस्त्री उभा होता. त्याच्या मिशीचा केस न् केस कापडातून दिसत होता.

"हे काय आहे, मिस्त्री? चाळनी?"

मथुराबाईनं आपला बेत मनातच ठेवला. मोठ्या चाकामुळं कापड भराभर ओढलं गेलं, म्हणून आडवे धागे दूर दूर पडले, हे तिला आत्ता कळलं. मिस्त्रीला ते मागाकडं एकदा पाहताच कळलं. त्यानं चाक पाहिलं, खोकं पाहिलं, मग गाठोड्यांवरचा स्वतःच्या अंगाचा खड्डा पाहिला. चाक कोणी बदललं असं विचारावं, तर तेव्हा तू कुठं होतास हा प्रश्न आलाच असता.

"सेठ," तो गंभीरपणे म्हणाला, "लाईन पतली आ रही है."

"पातळ?"

"बल्ब देखो. कैसा पीला जल रहा है. लाईन पतली, तो कपडा भी पतला."

बल्ब खरोखरच पिवळा होता. सदाशिवरावांनी बल्बकडं पाहिलं, कापडाकडं पाहिलं. त्यांना ते पटलं, पण पूर्ण नाही. आण घेणारा माणूस त्यांच्या लक्षात होता. त्यांनी डोमाजीला बोलावणं धाडलं.

डोमाजी आला आणि शेडच्या दाराबाहेर मागाकडं पाठ करून उभा राहिला.

"इकडं तोंड कर."

"नाही करता येत. आन आहे."

सदाशिवरावांना बाहेर जाऊन त्याच्यासमोर उभं राहावं लागलं. "आज दुपारी तू इकडं आलता काय? खरं सांग."

डोमाजी सहसा खोटं बोलत नसे, म्हणून तो टोपी सारखी करू लागला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दारातून पाहणाऱ्या मथुराबाईला नवऱ्याच्या टोपीवर कापसाचे बारीक तंतू दिसले. तसे तंतू गावात एकाच जागी उडत होते, शेडच्या मागच्या खिडकीपाशी.

"मी त्याचं तोंड पाह्यलं नाही," डोमाजी शेवटी म्हणाला. हे त्यानं इतक्या ठामपणे म्हटलं की सदाशिवरावांनी त्याला जाऊ दिलं.

घरी आल्यावर दोघं चुलीसमोर बसले.

"तुमी मांगच्या खिडकीत होते," मथुराबाई म्हणाली.

"तू पाना फिरवून राह्यली होती," डोमाजी म्हणाला.

"मंग मालकाले सांगतलं काहून नाही?"

"सांगाले मी तिथं होतो, हे सांगा लागते ना."

मथुराबाईनं पदर तोंडाला लावला, पण हसू आवरलं नाही. डोमाजीनं आधी रागावून पाहिलं. मग त्यानं हळूच विचारलं, "ते मोठं चाक लावलं तवा कापड पयालं कसं? खिडकीतून नीट दिसत नव्हतं." आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मथुराबाईनं त्याला एखादी गोष्ट पुरती सांगितली, मीठ न मागता.

दुसऱ्या दिवशी सदाशिवराव लाईनमन लालसिंगला गाठायला गेले. लालसिंग जवळच्या बंजारा तांड्यातला पोरगेलासा तरुण, नोकरीला नुकताच लागलेला. गावातल्या मोठ्या माणसाची तक्रार म्हटल्यावर त्यानं आधी पकड हातात घेतली.

"तुमी लोक पातळ लाईन सोडून राह्यले," सदाशिवराव म्हणाले. "माह्या कापडाचं वाटोळं झालं."

लाईन पातळ असते की घट्ट, हे लालसिंगला कोणी शिकवलेलं नव्हतं. पण 'मले मालूम नाही' म्हणण्यापेक्षा खांबावर चढणं त्याला सोपं वाटलं. तो वर गेला, पकडीनं इथं तिथं ठोकलं, खाली उतरला आणि म्हणाला, "घट्ट केली, साहेब."

तोवर शफी मिस्त्रीनं जुनं चाक बसवलं होतं. त्या दिवशी कापड दाट निघालं. सदाशिवरावांनी लालसिंगला चहा पाजला आणि मागासाठी लाईन घट्ट हवी हे ज्ञान भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली. दारव्ह्याच्या एका ओळखीच्या माणसानंही माग घेतला होता. त्यालाही त्यांनी आवर्जून निरोप धाडला.

ते चाळणीचं कापड मथुराबाईला मिळालं, माग पुसायला. तिनं त्यातलं चिंधीभर शेडमध्ये ठेवलं आणि बाकीचं घरी नेलं.

बाजाराच्या दिवशी तांड्यातली रुपीबाई डोमाजीकडं आली. ती लालसिंगची मावशी. तांड्यातल्या बाया आपले घागरे आणि कांचळ्या भरतकामानं अशा भरून काढत की मूळ कापड शोधावं लागे, आणि त्यासाठी रुपीबाई दरवर्षी डोमाजीचं जाडं कापड नेई. या वेळी त्याच्याकडं तयार कापड नव्हतं. ती हिरमुसून उठली तेव्हा मथुराबाई सहज म्हणाली, "एक वाया गेलेलं पडलं आहे. पाह्यतं काय?"

रुपीबाईनं ते कापड मांडीवर घेतलं. कांचळीत खोचलेली सुई काढली, लाल दोरा ओवला आणि कोपऱ्यात टाके घालू लागली. उभे आणि आडवे धागे सारख्या अंतरावर पडलेले होते, त्यामुळं कापडावर बारीक बारीक चौकटीच तयार झाल्या होत्या. सुई न अडखळता जात होती. रुपीबाई नुसती टाके घालत गेली. छोटंसं फूल पुरं झालं, तेव्हा स्वतःशीच म्हणाली, "आचो छ." चांगलं आहे, एवढाच त्याचा अर्थ, पण ती हे फार कमी वेळा म्हणे.

"मिलच्या कापडात सुई घुसत नाही, बाई," ती मथुराबाईला म्हणाली. "धागे मोजू मोजू डोये फुटतात. यात त आंधळीही भरंन. अजून आहे काय?"

ती सगळं कापड घेऊन गेली. पुढच्या बाजारी तांड्यातल्या बाया हातातली कडी वाजवत थेट सदाशिवरावांच्या शेडसमोर येऊन बसल्या. त्यांना चाळणीचं कापड पाहिजे होतं. सदाशिवरावांनी दाट, सुरेख कापड काढून दाखवलं. त्यांनी ते बोटानं चाचपून परत केलं. एक म्हातारी म्हणाली, "हे खराब आहे. ते चांगलं वालं दाखव."

सदाशिवराव व्यापारी माणूस होते. ते तडक लालसिंगकडं गेले.

"लालसिंग, मले बाजाराच्या आदल्या दिवशी लाईन पातळ पाह्यजे."

लालसिंगनं खांबाकडं पाहिलं. मग विचारलं, "किती पातळ?"

"मांगच्या वेळी होती तेवढी."

"होऊन जाईन, साहेब."

इकडं शेडमध्ये सदाशिवरावांनी मिस्त्रीला बजावलं, "उद्या लाईन पातळ येऊन राह्यली. कापड तसंच काढायचं." मालक गेल्यावर मिस्त्री मथुराबाईसमोर येऊन बसला.

"उस दिन चक्का किसने बदला था?" त्यानं विचारलं.

"उस दिन तुमी झोपले कवा होते?" मथुराबाईनं विचारलं.

मिस्त्रीनं मिशीवरून हात फिरवला. त्यानं खोक्यातून मोठं चाक काढून तिच्या हातात दिलं आणि पाना पुढं सरकवला. एकदा हात लावलाच आहे तर नीट लावायला शीक, असं म्हणून त्यानं तिला सगळा माग समजावून सांगितला. उभ्या धाग्यांचा ताण कसा धरायचा, पट्टा कसा चढवायचा, धोटा उडू नये म्हणून काय पाहायचं. शिकवण्यात त्याचा फायदाच होता. आता तो सकाळीही झोपू शकत होता.

असं बरेच महिने चाललं. ठरल्या दिवशी लालसिंग खांबावर चढे, पकडीनं ठोके, उतरून चहा पिई. ठरल्या दिवशी मथुराबाई चाक बदले. सदाशिवराव बल्बकडं पाहून म्हणत, "आज बराबर पातळ आहे." डोमाजी मागच्या खिडकीतून पाही.

मग वणीला लालसिंगच्या मामाच्या घरी लग्न निघालं. तो सुटी घेऊन गेला, पण सदाशिवरावांना सांगायचं राहून गेलं. त्या दिवशी दुपारी ते त्याला शोधत फिरले. खांबापाशी नाही, चहाच्या दुकानात नाही. तो काल रातच्याच गाडीनं वणीला गेला, असं समजलं. आज दाट कापड निघणार आणि उद्या बाया चिडणार म्हणून ते कपाळाला आठ्या घालून शेडमध्ये आले, तर रुळावर नेहमीसारखं विरळ, चौकटीचौकटीचं कापड उतरत होतं.

सदाशिवरावांनी माग बंद करायला लावला. शेडमध्ये शांतता पसरल्याबरोबर मिस्त्री जागा झाला.

"लाईनमन गावात नाही," ते म्हणाले. "मंग हे पातळ कोनं केलं?"

मिस्त्रीनं मथुराबाईकडं पाहिलं. मथुराबाईनं मिस्त्रीकडं पाहिलं. शेवटी तीच पुढं झाली, मोठं चाक दाखवलं, लहान चाक दाखवलं, आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. मिस्त्रीच्या झोपेशी आली तेव्हा ती जरा थांबली, पण मिस्त्री स्वतःच म्हणाला, "बोल दो, अब क्या."

"हे खरं आहे म्हनून साक्ष कोनाची?" सदाशिवरावांनी विचारलं. त्यांना अजूनही पातळ लाईन हातची सोडवत नव्हती.

"माही," मागच्या खिडकीतून आवाज आला.

डोमाजीला आत बोलावलं, पण तो खिडकीतच थांबला. "तू त आन घेतली होती," सदाशिवराव म्हणाले.

"तोंड पाह्यनार नाही म्हनलं होतं. इकडून त्याची पाठ दिसते."

सदाशिवराव गाठोड्यावर टेकले. त्यांना राग यायला पाहिजे होता, आणि थोडा आलाही. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्यांनी हे लाईनीचं प्रकरण सगळ्या नेरला समजावून दिलं होतं. यवतमाळला एका लग्नात भरल्या पंगतीत सांगितलं होतं. दारव्ह्याचा तो माणूस त्यांच्या सांगण्यावरून घट्ट लाईन मागायला गेला होता आणि अजून हेलपाटे घालत होता.

"हे अजून कोनाले मालूम आहे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"आपन चौघं," मथुराबाई म्हणाली.

"मंग चौघातच राहू द्या."

"राहीन. पन मंग माग मी चालवीन. नुसत्या कांड्या नाही भरनार."

बाईनं यंत्रमाग चालवला तर लोक काय म्हणतील, हे सदाशिवराव बोलू लागले होते. पण लोक आणखी काय काय म्हणू शकतात ते आठवून त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं.

शफी मिस्त्री ईदला बुऱ्हाणपूरला गेला आणि तिकडंच दुसऱ्या कारखान्यात लागला. मथुराबाई माग चालवू लागली. पहिले काही दिवस बसस्टँडवरची रिकामी माणसं पाहायला येत. मग त्यांना त्याचीही सवय झाली. सदाशिवरावांनी दुसरा माग आणला तेव्हा तो उभा करताना त्यांनी तिलाच विचारलं, 'मथुराबाई, हा कुठीसा बसवू?'

डोमाजीचं मात्र काम आटत गेलं. तांड्यातल्या बाया आता शेडमधून कापड नेत. आपलं गिऱ्हाईक आपल्याच घरातून गेलं हे त्याला कळत होतं, पण बायकोला तो त्याबद्दल कधी बोलला नाही. हिवाळ्याच्या पासोड्या तेवढ्या विणत राहिला. मग त्याही कोणी मागेना, आणि एका सकाळी तो मथुराबाईच्या मागोमाग निघाला आणि पुढच्या दारानं शेडमध्ये शिरला. मागाची आण मोडली म्हणावं, तर ज्याची आण घेतली तो घरचा माग सुताविना रिकामा पडला होता. त्याला कोणी काही विचारलं नाही. तुटलेले धागे जोडण्यात त्याच्यासारखी बोटं कोणाची नव्हती, म्हणून त्याला ते काम मिळालं.

दोन माग चालू असले की शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नसे. घरी मोजून बोलणारा डोमाजी तिथं मोकळेपणानं बोलू लागला, कारण कोणी ऐकत नाही याची त्याला खात्री होती. मथुराबाईला नुसते त्याचे ओठ हलताना दिसत. एकदा तो धागे जोडता जोडता तिच्याकडं पाहून बराच वेळ काही म्हणत होता. तिनं हातानंच खूण केली, काय? त्यानंही खुणेनंच सांगितलं, काही नाही. मथुराबाईनं दुसऱ्या मागावर ठेवलेल्या कामगाराकडं पाहून मान हलवली आणि दोघांनी एकदमच दांडे ओढून माग थांबवले.

"...इतकी बेस बाई मले भेटली कशी, हेच त समजत नाही," डोमाजीचा आवाज शेडभर घुमला.

दारात पान लावत बसलेल्या सदाशिवरावांच्या हातातला चुना सांडला. मथुराबाईनं गंभीर चेहऱ्यानं दांडा पुन्हा ढकलला, धोटा पळू लागला. डोमाजी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मान वर न करता धागे जोडत राहिला, आणि त्यातला एकही नीट जुळला नाही.